धंद्यात बाई म्हणून अडवलं, तर कायद्याने नेमकं काय करता येतं?

प्रश्न थोडक्यात असा: भारतात स्वतःचा उद्योग चालवणाऱ्या बाईला बँक म्हणते ‘मिस्टरांची सही आणा’, सरकारी कचेरीत फाइल हलत नाही, खरेदीदार बिल थकवतो आणि वर ‘घरातल्या कुणा पुरुषाला पाठवा, बोलू’ असं ऐकवतो. भागीदार हिशेबाच्या वह्या दाखवत नाहीत. हे सगळं बाई आहे म्हणून चाललंय, हे तिलाही कळतं आणि समोरच्यालाही. दाद कुठे मागायची?

आधी नकोशी वाटणारी गोष्ट सांगतो. खासगी धंद्याच्या व्यवहारात लिंगभेद केला म्हणून थेट भरपाईचा दावा लावता येईल असा सर्वसाधारण कायदा आपल्याकडे नाही. संविधानाचं कलम १४ (कायद्यापुढे समानता) आणि १५(१) (लिंग वगैरेंवरून भेदभावाला मनाई) बांधतं ते राज्यसंस्थेला, म्हणजे सरकार, महापालिका, सार्वजनिक उपक्रम, राष्ट्रीयीकृत बँका यांना. एखाद्या खासगी कारखानदाराने ‘बाईकडून माल घेत नाही’ असं ठरवलं, तर करार न करण्याची मोकळीक त्याला आहे. पण तोच कारखानदार माल घेऊन पैसे थकवतो, मीटिंगला बोलावून अंगचटीला येतो किंवा भागीदार असून हिशेब दडवतो, तेव्हा तो कुठला ना कुठला लेखी नियम मोडत असतो, आणि पकडायचं ते तिथेच.

म्हणून अर्जाची सुरुवात ‘माझ्यावर स्त्री म्हणून अन्याय झाला’ या वाक्याने करू नका. पहिल्या परिच्छेदात येऊ द्या: समोरचा कोण, त्याने कोणता नियम कोणत्या तारखेला मोडला, आणि तुम्हाला नेमकं काय हवंय. भेदभावाची वाक्यं त्यानंतर, समोरच्याचा हेतू दाखवणारा पुरावा म्हणून. उलट क्रमाने लिहिलेले अर्ज बहुतेक वेळा ‘गैरसमज झाला असावा’ असा शेरा मारून दप्तरी दाखल होतात, कारण अधिकाऱ्याला त्यात निर्णय देण्याजोगं काही सापडत नाही.

पुरावा त्याच दिवशी तयार करायचा असतो. भेदभाव बहुधा तोंडी होतो, लेखी कुणी देत नाही. त्यामुळे तोंडी बोलण्याला त्याच संध्याकाळी ईमेल करून लेखी रूप द्या. उदाहरणार्थ: ‘आज सकाळी ११ वाजता शाखेत आपण सांगितलंत की पतीची हमी असल्याशिवाय माझा कर्जअर्ज स्वीकारला जाणार नाही. ही बँकेची लेखी अट असल्यास परिपत्रकाचा क्रमांक व तारीख कळवावी.’ या मजकुरात आरोप नाही, राग नाही. उत्तरात ‘तसं काही म्हटलं नव्हतं’ असं आलं, तर अर्ज स्वीकारण्याचा रस्ता मोकळा झाला. उत्तरच आलं नाही, तर ते मौन पुढे तुमच्या बाजूने बोलतं. कागद हाताने दिलात तर दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक, शिक्का आणि तारीख घ्या. शिक्का मारायला नकार मिळाला, तर तोच कागद स्पीड पोस्टाने पाठवा.

व्हॉट्सॲपचे संदेश आणि रेकॉर्डिंग यांबाबत एक चूक फार होते. लोक स्क्रीनशॉट काढतात आणि फोन बदलतात किंवा विकतात. भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ प्रमाणे इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत ठरावीक नमुन्यातलं प्रमाणपत्र द्यावं लागतं आणि त्यात त्या फाइलचं हॅश मूल्यही (फाइलमध्ये बदल झाला नाही हे दाखवणारा, संगणकाने काढलेला सांकेतिक आकडा) नोंदवावं लागतं. मूळ फोन जपून ठेवा, संवाद अर्धवट पुसू नका. तुमचेही तापलेले संदेश त्यात असतील तर असू द्या. निवडक संवाद हजर केला की समोरचा वकील पहिला हल्ला तिथेच चढवतो. आणखी एक भक्कम पुरावा म्हणजे तुलना. त्याच शाखेने, त्याच खरेदीदाराने, त्याच स्थितीतल्या पुरुषाला काय वागणूक दिली? एक तरी ठोस उदाहरण कागदासह मिळालं तर ‘आमचं धोरणच असं आहे’ हा बचाव डळमळतो.

आता बँक. उद्योजिकांच्या तक्रारी इथे जास्त असतात आणि हाताशी असलेले नियमही इथे बऱ्यापैकी स्पष्ट आहेत. कर्ज देणाऱ्या बँकांसाठी रिझर्व्ह बँकेने २००३ मध्ये न्याय्य व्यवहार संहितेची मार्गदर्शक तत्त्वं काढली. त्यांत लिंग, जात आणि धर्म यांवरून कर्जपुरवठ्यात भेदभाव करू नये, असं सरळ म्हटलं आहे. कर्जअर्जाची पोच दिली पाहिजे, आणि नाकारला तर मुख्य कारण लेखी कळवलं पाहिजे. लेखी कारणाची ही अट २००७ पासून सर्व प्रकारच्या आणि कितीही रकमेच्या कर्जांना लागू आहे. सूक्ष्म आणि लघु उद्योगांना किमान १० लाख रुपयांपर्यंतच्या (एप्रिल २०२६ पासून मंजूर होणाऱ्या कर्जांसाठी २० लाखांपर्यंतच्या) कर्जाला बँकेने तारण मागायचं नाही, हाही रिझर्व्ह बँकेचाच नियम. आणि नवरा जामीनदार हवाच, असं कोणताही कायदा म्हणत नाही. जोखीम पाहून हमीदार मागण्याची मुभा बँकेला आहे. पण ‘हमीदार’ म्हणजे ‘पती’ असा अर्थ ती काढू शकत नाही. आर्थिक कुवत असलेली बहीण, आई किंवा व्यवसायातली सहकारी यांचं नाव लेखी सुचवा. ते नाकारलं तर कारण मागा. इथवर आलं की बहुतेक शाखा मवाळ होतात.

नाही झाल्या, तर क्रम असा. आधी शाखेकडे, मग बँकेच्या तक्रार निवारण कक्षाकडे लेखी तक्रार करा आणि तक्रार क्रमांक घ्या. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा आलेलं पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या एकात्मिक लोकपाल योजनेखाली (लोकपाल म्हणजे बँकांविरुद्धच्या तक्रारी ऐकणारा रिझर्व्ह बँकेचा अधिकारी) ऑनलाइन तक्रार करा. शुल्क नाही, वकील लागत नाही. बँकेकडे न जाता थेट लोकपालाकडे गेलात तर तक्रार परत येते. आणि इथला मोठा खड्डा म्हणजे बँकेचा ‘व्यावसायिक निर्णय’ लोकपाल तपासत नाही. ‘मला कर्ज नाकारलं’ अशी मांडणी केली की प्रकरण तिथेच बंद. ‘अर्जाची पोच दिली नाही, लेखी कारण दिलं नाही, नियम असूनही तारण मागितलं, पतीच्या सहीशिवाय अर्ज घेतला नाही’ ही सेवेतली त्रुटी आहे आणि ती तपासावी लागते. प्रकरण तेच, फक्त मांडणीने निकाल फिरतो.

राष्ट्रीयीकृत बँकेविरुद्ध उच्च न्यायालयात संविधानाच्या कलम २२६ खाली रिट याचिकाही (सरकारी यंत्रणेला आदेश द्या, अशी थेट मागणी) करता येते. मात्र न्यायालय ‘हिला कर्ज द्या’ असा हुकूम सहसा देत नाही. नकार रद्द करून अर्जाचा नियमाप्रमाणे पुन्हा विचार करा, एवढंच सांगतं. खासगी बँकेविरुद्ध रिट सहसा टिकत नाही. फेडरल बँक विरुद्ध सागर थॉमस या २००३ च्या निकालाने सर्वोच्च न्यायालयाने ते स्पष्ट केलं आहे. तिथे लोकपाल हाच मुख्य मार्ग. स्वतःच्या उपजीविकेसाठी एकटीने चालवलेला छोटा धंदा असेल, तर ग्राहक आयोगाचा विचार होऊ शकतो. धंदा मोठा असेल तर ‘व्यापारी हेतू’ हा मुद्दा आडवा येतो.

सरकारी कचेऱ्या आणि टेंडर. परवान्याचं काम रखडलं असेल आणि ती सेवा महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ खाली अधिसूचित असेल, तर मुदत संपताच अपील करा. पहिलं आणि दुसरं अपील खात्यातच असतं, तिसरं राज्य सेवा हक्क आयोगाकडे. फाइल कुठे अडली हे जाणून घ्यायला १० रुपयांचा माहिती अधिकाराचा अर्ज अजूनही उत्तम हत्यार आहे. पण ‘माझी फाइल का अडली?’ असं विचारू नका. ‘का’ या प्रश्नाला माहिती अधिकारात उत्तर देणं बंधनकारक नसतं. ‘माझ्या अमुक क्रमांकाच्या अर्जावरील सर्व टिपण्यांच्या आणि शेऱ्यांच्या छायाप्रती द्याव्यात’ असं मागा. उत्तराला ३० दिवस, त्यानंतर पहिल्या अपिलाला ३० दिवस.

केंद्र सरकारची खाती आणि उपक्रम यांच्यावर सूक्ष्म-लघु उद्योगांकडून वर्षाला किमान २५ टक्के खरेदीचं बंधन आहे, आणि त्यात ३ टक्के महिला उद्योजकांकडून करायची आहे. २०१२ च्या खरेदी धोरणात ही महिलांसाठीची तरतूद २०१८ मध्ये आली. ‘महिला उद्योग’ म्हणजे मालक स्त्री असणं, किंवा भागीदारीत अथवा प्रायव्हेट कंपनीत किमान ५१ टक्के वाटा स्त्रियांचा असणं. अनामत रकमेची सूटही सूक्ष्म-लघु उद्योगांना आहे. पण हे ३ टक्के म्हणजे त्या खात्याचं वर्षाचं उद्दिष्ट आहे, एका विशिष्ट टेंडरवरचा तुमचा हक्क नव्हे. याच धोरणात तुमचा दर सर्वात कमी दराच्या १५ टक्क्यांच्या आत असेल, तर त्या दराला येऊन कामाचा काही भाग मिळवता येतो. बऱ्याच जणी हे मागतच नाहीत.

टेंडरची अट खटकत असेल तर बोली भरण्याआधी, बोलीपूर्व बैठकीत, लेखी हरकत घ्या. अट मान्य करून बोली भरली, हरलात आणि मग अटीला आव्हान दिलं, तर न्यायालय सहसा ऐकत नाही. टाटा सेल्युलर खटल्यापासून, म्हणजे १९९४ पासून, न्यायालयं टेंडरमध्ये निर्णय बरोबर की चूक हे पाहत नाहीत, निर्णयाची प्रक्रिया पाहतात. म्हणून ‘माझा माल चांगला होता’ हा मुद्दा कमी चालतो. ‘तांत्रिक छाननीत मला मागितलेला कागद इतर कुणालाच मागितला नव्हता’ हा जास्त. आणि कार्यादेश (काम सुरू करण्याचा लेखी आदेश) निघून काम सुरू झालं की स्थगिती मिळणं अवघड, तेव्हा इथे आठवड्यांचा नव्हे, दिवसांचा हिशेब ठेवा.

थकलेल्या बिलांसाठी भेदभावाचा शब्दही न काढता चालणारा एक चोख कायदा आहे: सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास अधिनियम, २००६. करारात मुदत ठरली असेल तरी ती ४५ दिवसांपेक्षा जास्त चालत नाही. लेखी करार नसेल तर १५ दिवस. पुढे रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ व्याज लागतं. माल पोचल्यापासून १५ दिवसांत खरेदीदाराने लेखी हरकत घेतली नाही, तर माल त्याने स्वीकारला असंच धरतात, त्यामुळे सहा महिन्यांनी ‘क्वालिटी बरोबर नव्हती’ म्हणणाऱ्याचं तोंड बंद करता येतं. अर्ज ऑनलाइन सुविधा परिषदेकडे (याच कायद्याखाली थकबाकीचे वाद ऐकणाऱ्या मंडळाकडे) जातो, आणि खरेदीदार कुठल्याही राज्यातला असला तरी तुमच्या ठिकाणची परिषद तो चालवू शकते. आधी तडजोडीचा प्रयत्न, मग लवाद. कायद्यात ९० दिवसांची मुदत आहे, प्रत्यक्षात जास्त लागतात. पण निवाडा तुमच्या बाजूने झाला की आव्हान द्यायला खरेदीदाराला आधी ७५ टक्के रक्कम भरावी लागते, आणि तडजोडीची गाडी तिथेच रुळावर येते.

यात तीन ठिकाणी घोटाळा होतो. उद्यम नोंदणी (सूक्ष्म, लघु, मध्यम उद्योग म्हणून सरकारी पोर्टलवरची नोंदणी) माल पुरवून झाल्यावर केली तर वाद उभा राहतो, म्हणून ती धंदा सुरू करतानाच करा. या तरतुदी सूक्ष्म आणि लघु उद्योगांसाठी आहेत. केवळ खरेदी-विक्री करणाऱ्या व्यापाऱ्यांची उद्यम नोंदणी होत असली, तरी थकबाकीचं हे संरक्षण त्यांना मिळत नाही. आणि पोच नसलेली चलनं. खरेदीदाराच्या गोदामातल्या माणसाची सही, नाव आणि तारीख नसेल तर १५ दिवस कधी सुरू झाले हेच सिद्ध होत नाही. व्यापाऱ्यांसाठी दिवाणी दावा आहेच: ३ लाखांपासून पुढच्या व्यापारी वादांसाठी व्यापारी न्यायालय, तातडीचा अंतरिम आदेश मागायचा नसेल तर आधी सक्तीची मध्यस्थी, आणि मुदत सहसा तीन वर्षं.

आता घरचा धंदा. हा भाग कायद्याने सोपा आणि मनाने अवघड असतो. भागीदारी फर्ममध्ये प्रत्येक भागीदाराला वह्या पाहण्याचा, नकला घेण्याचा आणि कारभारात भाग घेण्याचा हक्क आहे (भारतीय भागीदारी अधिनियम, १९३२, कलम १२). करारात तशी तरतूद नसेल आणि ती प्रामाणिकपणे वापरलेली नसेल, तर बहुमताने भागीदाराला काढता येत नाही (कलम ३३). फर्म नोंदलेली नसेल तर करारातले हक्क बजावण्याचा दावा अडतो. पण फर्म मोडून हिशेब मागण्याचा दावा करता येतो. महाराष्ट्रात याच अधिनियमाच्या कलम ६९(२अ) ने तोही बंद केला होता, पण सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये ते कलम घटनाबाह्य ठरवलं. ‘नोंदणीच नाही, काय करणार?’ असं आजही सर्रास सांगितलं जातं. ते अर्धवट आहे. वाद सुरू होताच पहिलं पत्र वकिलाला नव्हे, बँकेला द्या: भागीदारांत वाद आहे, यापुढे माझ्या सहीशिवाय खात्यातून रक्कम देऊ नये. असं पत्र हाती पडल्यावर बँका बहुधा खातं थांबवतात. त्याने पगार आणि कच्च्या मालाची बिलंही थांबतात, हे मात्र आधी लक्षात घ्या.

कंपनी असेल तर सगळ्यात आधी तुमची डिजिटल सही कुणाकडे आहे ते पाहा. घरच्या कंपन्यांत बायको, सून, मुलगी संचालक असते आणि तिच्या डिजिटल सहीचं टोकन सीएच्या टेबलाच्या खणात. ‘राजीनामा’ तिथूनच दाखल होतो. टोकन ताब्यात घ्या, आणि कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या पोर्टलवर कंपनीची दाखल कागदपत्रं शुल्क भरून तपासा: संचालक बदलले का, नवे शेअर काढून तुमचा टक्का घटवला का. संचालकाला मुदतीआधी काढायचं तर विशेष नोटीस आणि म्हणणं मांडण्याची संधी लागते. संचालक मंडळाच्या सभेला किमान सात दिवसांची लेखी नोटीस लागते. हे डावलून कारभार चालला असेल, तर कंपनी अधिनियम, २०१३ च्या कलम २४१-२४२ खाली राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणाकडे अर्ज होतो. त्यासाठी सहसा दहा टक्के भागभांडवल किंवा एकूण सभासदांपैकी एक दशांश सभासद लागतात, पण ही अट शिथिल करण्याचा अधिकार न्यायाधिकरणाला आहे. एखाद्या सभेची नोटीस मिळाली नाही एवढ्यावर अर्ज टिकेलच असं नाही. सलग वागणूक दाखवा.

नवऱ्याने किंवा सासरच्यांनी तुमच्या धंद्याची खाती, यंत्रं, गोदामाच्या किल्ल्या बळकावल्या असतील तर कौटुंबिक हिंसाचार अधिनियम, २००५ विसरू नका. आर्थिक छळ त्याच्या व्याख्येतच आहे. न्यायदंडाधिकारी मालमत्ता विकायला, खाती आणि लॉकर वापरायला मनाई करू शकतात. तुम्ही जिथे धंदा करता त्या ठिकाणच्या न्यायालयातही अर्ज चालतो, माहेरच्या-सासरच्या गावाचाच आग्रह नाही. हिंदू एकत्र कुटुंबाचा धंदा असेल तर मुलगी जन्मानेच सहहिस्सेदार आहे. हिंदू वारसा कायद्याच्या २००५ च्या दुरुस्तीवरची उरलीसुरली शंका सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२० मध्ये विनीता शर्मा निकालात संपवली. पण धंदा खरोखर एकत्र कुटुंबाचा आहे की वडिलांचा स्वतःचा, हे सिद्ध करण्यातच वर्षं जातात. तेव्हा आधी प्राप्तिकराची जुनी विवरणपत्रं शोधा.

एक कडवट टीप. सवलतीसाठी बाईचं नाव आणि कारभार सगळा नवऱ्याचा, असं असेल तर वर लिहिलेलं बरंचसं लुळं पडतं. कर्ज आणि कराची देणी मात्र पूर्ण तुमच्याच नावावर राहतात.

व्यापारी संघटना सभासदत्व नाकारत असेल तर चारू खुराना विरुद्ध भारत सरकार हा १० नोव्हेंबर २०१४ चा निकाल हाताशी ठेवा. मुंबईच्या चित्रपटसृष्टीतली रंगभूषाकारांची संघटना स्त्रियांना केशभूषेचंच कार्ड देत असे, रंगभूषेचं नाही. सर्वोच्च न्यायालयाने ते नियम मोडीत काढले. नोंदणीकृत संघटनेचे नियम कायद्याच्या वर नसतात, म्हणून तक्रार जिने नोंदणी दिली त्या यंत्रणेकडे न्या. औद्योगिक सहकारी संस्था असेल तर आणखी सोपं: महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमाच्या कलम २२ प्रमाणे अर्जावर तीन महिन्यांत निर्णय कळवला नाही, तर तुम्ही सभासद झालात असंच मानलं जातं. अर्थात अर्जाची पोच हवी!

लैंगिक छळाचं काय? कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा फक्त नोकरदार बायकांसाठी आहे, हा समज चुकीचा आहे. पीडित महिला त्या ठिकाणी नोकरीला असो वा नसो, तो तिला लागू होतो. ग्राहक कंपनीत माल दाखवायला गेलेली पुरवठादार त्या कंपनीच्या अंतर्गत समितीकडे (छळाच्या तक्रारी ऐकण्यासाठी नेमलेल्या समितीकडे) तक्रार करू शकते. घटनेपासून तीन महिन्यांत, तक्रारीच्या सहा प्रती कागदपत्रांसह. सबळ कारण असेल तर आणखी तीन महिने मिळू शकतात. तिथे दहापेक्षा कमी माणसं असतील, किंवा छळ करणारा स्वतः मालक असेल, तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जा. भारतीय न्याय संहितेच्या कलम ७५ खाली पोलिसांत गुन्हाही नोंदवता येतो. एक वाट धरली म्हणून दुसरी बंद होत नाही. ‘ऑर्डर हवी असेल तर...’ अशा सुरात बोललेलं वाक्य शब्दशः, तारखेसह लिहून ठेवा. आणि तुमच्याकडेच दहा किंवा जास्त माणसं कामाला असतील तर अंतर्गत समिती नेमणं तुमच्यावरही बंधनकारक आहे; नसेल तर ५० हजारांपर्यंत दंड.

राज्य महिला आयोगाकडे जाऊ का, असं पुष्कळदा विचारलं जातं. जा, पण अपेक्षा बेताची ठेवून. आयोग बोलावू शकतो, कागद मागवू शकतो, शिफारस करू शकतो. पैसे वसूल करून देऊ शकत नाही. दडपण आणायला उपयोग होतो, मात्र त्या वाट पाहण्यात दिवाणी दाव्याची किंवा समितीची मुदत थांबत नाही.

वकिलाच्या खर्चामुळे थांबू नका. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ च्या कलम १२ प्रमाणे मोफत वकील मिळण्यासाठी स्त्रीला उत्पन्नाची मर्यादा नाही. जिल्हा न्यायालयाच्या आवारातल्या विधी सेवा प्राधिकरणात अर्ज करा किंवा १५१०० वर फोन करा. जाताना ओळखपत्र, तारीखवार घटनाक्रमाचं एक पान आणि मूळ कागदांच्या झेरॉक्स न्या. मूळ कागद कुणालाही देऊ नका, स्वतःच्या वकिलालाही पोच घेतल्याशिवाय नाही.